कार्डात अडकलेली अक्षता

"आई, पंख्यात नको! पंख्यात नको!"

सिद्धांत ओरडला खरा, पण आईचा हात थांबतो कुठला! चिमूटभर अक्षता उडाल्या आणि नव्याकोऱ्या ग्राफिक्स कार्डावर जाऊन पडल्या.

"खंडेनवमी आहे आज! आमच्याकडे तर सायकलच्या पंपाचीसुद्धा पूजा व्हायची," आईने ठणकावलं. "तुझं कार्ड काय मोठं लागून गेलंय?"

बारा वर्षांची मयुरा तोंड दाबून हसली. गुरुग्रामच्या त्यांच्या चौदाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आज पाटावर गर्दी होती. बाबांचा लॅपटॉप, आईचा मिक्सर, गाडीची किल्ली आणि मधोमध पोळ्यांच्या डब्याएवढा मिनी पीसी! बाबांच्या ऑफिसमधून जुना म्हणून निघालेला. साधी कामं तो झटपट करायचा, पण गेम लावला की धापा टाकायचा. म्हणून तिच्या दादाने, म्हणजे सिद्धांतने, उन्हाळ्यापासून एकच धोशा लावला होता: त्या चिमुकल्या पेटीत मावेल असं बुटकं ग्राफिक्स कार्ड! मापं त्यानेच घेतली, शोधाशोधही त्यानेच केली.

बाबांची अट मात्र कडक होती. "नीट चाललं तर मशीन तुझं. बिघडवलंस तर ते आत्याकडे जाईल, आणि तू पुन्हा स्क्रू ड्रायव्हरला हात लावायचा नाहीस. कबूल?"

"बिल्कुल कबूल!" सिद्धांत म्हणाला होता.

पूजा झाल्यावर तो टूथपिक घेऊन कार्डाच्या पंख्याखालची अक्षता टोकरत बसला. मग कार्ड बसवायला गेला, तर मागची लोखंडी पट्टी पेटीपेक्षा उंच! बुटकी पट्टी हवी होती.

"त्यात काय! श्यामकांत बदलून देतील," बाबा म्हणाले. खालच्या मार्केटमधल्या श्यामकांतकाकांकडूनच त्यांनी कार्ड घेतलं होतं.

"बिल घेतलंयस ना?" आईने विचारलं.

"अगं, आपल्या माणसाकडे बिल कसलं मागायचं? सगळ्या गुरुग्राममध्ये 'या, बसा, चहा घ्या' म्हणणारा एकच तर दुकानदार आहे!"

आईने कपाळाला हात लावला.

रात्रभर दुकानात राहिलेलं कार्ड दसऱ्याच्या सकाळी बुटक्या पट्टीसह घरी आलं. सिद्धांतने ते अलगद बसवलं आणि गेम सुरू केला. पडद्यावरची गाडी दोन हात पळाली, अडखळली, पुन्हा पळाली, पुन्हा थिजली! पहिल्यापेक्षा काडीचा फरक नव्हता.

बाबांनी लगेच काकांना फोन लावला. काकांचा गोड आवाज सगळ्यांनी ऐकला. "कार्ड एकदम फर्स्ट क्लास आहे हो! पोरांनी काही टोचलंबिचलं असेल."

बाबांची नजर टेबलावरच्या टूथपिकवर गेली. "झालं! तरी मी सांगत होतो! दिवाळीला मशीन आत्याकडे."

"पण बाबा..."

"एक शब्द नको!"

सिद्धांत गॅलरीत जाऊन उभा राहिला. मयुरा मागोमाग गेली. तिच्याही मनात शंकेची पाल चुकचुकत होतीच. "दादा, खरं सांग. तूच तर नाही ना बिघडवलंस?"

 तो पुटपुटला, "टूथपिकचं टोक आत तुटलं गं. अक्षता निघाली नाहीच, वर टोकही अडकलं. बाबांना सांगू नकोस, प्लीज!" त्याचे डोळे भरून आले होते.

मयुराला वाईट वाटलं, आणि दुसऱ्याच क्षणी तिचं डोकं चालू लागलं. "मग ते टोक असेल ना अजून आत?"

दोघं धावत खोलीत आले. मशीन बंद करून, वायर काढून त्यांनी पेटी उघडली. मयुराने मोबाइलचा उजेड कार्डावर धरला. पंख्याच्या पात्यांमधून खालच्या पत्र्यांच्या फटी स्वच्छ दिसत होत्या. अक्षता नाही. टोक नाही. कुंकवाचा कणसुद्धा नाही!

"हे आपलं कार्डच नाहीये! तसंच दिसणारं दुसरंच आहे!" ती किंचाळलीच.

"हळू! पडलं असेल टोक," सिद्धांत म्हणाला.

"अच्छा! तू अर्धा तास टोकरून निघालं नाही, आणि आपोआप पडलं? दाल में कुछ काला है, दादा!"

तिने शेजारच्या टॉवरमधल्या तनयाला बोलावलं. तनया तिच्याच वर्गातली, दिल्लीतच वाढलेली, आणि भीती नावाची चीज तिला माहीत नव्हती.

"अक्षता म्हणजे ते पूजेचे चावल ना?" तिने आधी विचारून घेतलं. मग तिचे डोळे चमकले. "यार, मी आत्ताच त्या दुकानावरून आले! काचेत अस्साच छोटा डबा ठेवलाय आणि त्यावर तुमचाच गेम मक्खन चालतोय!"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"बाबांना सांगूया," सिद्धांत म्हणाला.

"विश्वास ठेवतील? काका आपला माणूस आहे!" मयुराने बाबांची नक्कल केली. "त्यांना डोळ्यांनी दिसायला हवं. आणि काकांना पळवाट मिळता कामा नये. 'माझ्याही दुकानात पूजा झाली' म्हणाले तर? आधी त्यांच्या तोंडूनच सगळं वदवून घ्यायचं."

दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे तनयाचे आजोबा, राजाभाऊ, दुकानात शिरले. सैन्यातून निवृत्त झालेले आजोबा, मिशा पांढऱ्या, आवाज खणखणीत. बरोबर तनया होती.

त्याच वेळी मयुरा आणि सिद्धांत बाबांना घेऊन दाराशी पोचले. "काल काकांना सोनं द्यायचं राहिलं ना," एवढं म्हटल्यावर बाबा खुशीत निघाले होते. आपट्याची पानं मिळाली नव्हती, म्हणून मयुराच्या मुठीत सोसायटीच्या बागेतल्या कांचनाची पानं होती.

बाबा आत जाणार, तोच मयुराने त्यांची बाही ओढली. "थांब ना बाबा! गिऱ्हाईक आहे, मध्ये कशाला बोलायचं?"

आतून राजाभाऊंचा आवाज आला. "हा डबा नातीसाठी बघतोय. पण आतलं कार्ड जुनंबिनं नाही ना?"

"छे छे! सीलबंद माल, आजोबा! आज सकाळीच सील फोडलं. माझ्याशिवाय कुणाचा हात लागलेला नाही."

"पूजाबिजा तरी केलीत का याची?" तनयाने निरागसपणे विचारलं.

"पूजा कशी होणार बाळ? दसऱ्यानंतर आलंय ना!"

मयुराने सिद्धांतचा हात घट्ट दाबला.

"मग उघडून दाखवा," राजाभाऊ म्हणाले.

श्यामकांतकाकांनी मशीन बंद करून झाकण सरकवलं. तनयाने मोबाइलचा उजेड टाकला आणि ओरडली, "आजोबा, आत चावल आहे!"

आता मात्र मयुरा बाबांना घेऊन आत घुसली. बाबांना पाहताच काकांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी घाईघाईने लावायला झाकण उचललं, पण राजाभाऊंनी त्यांचं मनगट धरलं.

"राहू दे उघडं."

बाबा वाकले. पंख्याखालच्या दोन पत्र्यांच्या फटीत कुंकवाने लाल झालेला तांदळाचा एक दाणा बसला होता. त्याच्या शेजारी लाकडाचं एक बारीक टोक होतं.

"अक्षता काय, कुणाच्याही असतील..." काका चाचरले.

"आज सकाळी सील फोडलेल्या कार्डात?" मयुराने विचारलं. "आणि ते टूथपिकचं टोक? तेही कंपनीतूनच आलं का काका?"

सिद्धांत पुढे झाला.  "बाबा, ते टोक माझ्या हातून तुटलं. मी तुला सांगितलं नाही, घाबरलो होतो. पण बघ ना, टोक आत असूनही कार्ड मस्त चालतंय. मी नाही बिघडवलं!"

 बाबांचे कान लाल झाले होते.

"श्यामकांत," ते म्हणाले, "तुमच्या एका फोनवर मी माझ्या पोराला खोटं पाडलं. आपला माणूस म्हणून!"

काकांनी मान खाली घातली आणि निमूटपणे कार्ड काढून दिलं. सिद्धांतने सोबत आणलेलं ते बदललेलं कार्ड काउंटरवर ठेवलं. बाबा म्हणाले, "आता पक्कं बिल फाडा. तारखेसकट."

"शाबास रे पोरांनो!" राजाभाऊंनी मिशीवर ताव दिला. "फौजेत असतात तर तिघांनाही बिल्ले लावले असते!"

निघताना मयुरा वळली. कांचनाचं एक पान तिने काकांसमोर ठेवलं. "सोनं घ्या काका. सोन्यासारखे राहा."



संध्याकाळी पडद्यावरची गाडी वाऱ्यासारखी सुटली. तनया सोफ्यावर उड्या मारत होती, आईसुद्धा हातातली पोळी विसरून बघत होती. बाबांनी आपली स्क्रू ड्रायव्हरची पेटी आणली आणि सिद्धांतच्या मांडीवर ठेवली.

"मशीन तुझं. पेटीही तुझी. चुकलो मी, बेटा."

 सिद्धांतने खेळ थांबवून पेटी उघडली, बारीक चिमटा शोधला आणि विचारलं, "बंद करून आता ती अक्षता काढू का?"

"हात लावू नकोस!" बाबा ओरडले. "तेच आपलं खरं बिल आहे!"