शिताचं उत्तर

"वरचं शीत नको गं, तळचंही नको. आधी ढवळ, मग चेप."

हा आवाज शाल्मलीनं पाचव्या वर्षी ऐकला होता, चुलीपाशी, आईच्या मांडीला रेलून. भाताला कढ आला की आई गुणगुणायची:

एक शीत चेपियेलं, अवघं भांडं ओळखिलं,
एका बोलानं कळलं, घर सारं.

पुढे शाल्मली संख्याशास्त्र शिकली, नमुना कचेरीची प्रमुख झाली आणि तिनं आईचा शब्द उचलून थेट कायद्यात घातला.

कारण आता कुणाला मोजायचं नाही असा कायदा होता. मागच्या शतकात माणसाचं सगळंच मोजलं जाई, पावलं, झोप, उसासेसुद्धा. लोक त्याला इतके विटले, की शेवटी गणनाबंदी आली. सरकार असो नाहीतर कंपनी, सगळ्यांना विचारायचंच नाही. थोड्यांना विचारा आणि त्यावरून बाकीच्यांचं ओळखा. कुणाला विचारायचं याची सोडत निघे, तिला म्हणत ढवळणी. सोडतीत नाव आलेलं माणूस म्हणजे शीत. आपण शीत होतो हे शितानं कुणाला सांगायचं नाही आणि इतरांनी ते विचारायचं नाही. शाल्मलीनं तर कुणी सांगितलं तरी ऐकायचं नाही.

आज ती कासारखोऱ्यात आईकडे आली होती, बातमी घेऊन. आई चुलीपुढे पाटावर बसली होती. धाकटी बहीण चंद्रा मागल्या दारी लेकीचे कपडे वाळत घालत होती.

"गाळणकेंद्र मंजूर झालं, आई. चार महिन्यांत नळाला स्वच्छ पाणी येईल."

"आलं का एकदाचं," आई म्हणाली. "वरात निघून गेल्यावर वाजंत्री आले म्हणायचे."

खोऱ्याच्या खोल विहिरींतून असं काही पाण्यात उतरत होतं, की माणसाची बोटं हळूहळू मरत. दुखत नाहीत, सुजत नाहीत, फक्त कळेनाशी होतात. लोक त्याला बधिरी म्हणत. गेलेलं परत येत नसे; पाणी गाळलं तर नवं कुणी त्यात सापडत नसे, एवढंच. पण गाळणकेंद्रं थोडी आणि खोरी पुष्कळ. म्हणून शाल्मलीनंच नियम लिहिला होता: शंभरात किमान पाचांना बधिरी आहे अशी खात्री असेल, तिथंच केंद्र.

"सात वर्षांमागं तुम्ही बाराशे माणसांना विचारलंत," आई म्हणाली. "खोऱ्यात माणसं पावणेपाच लाखांवर. तुला त्यातून कळतं तरी काय?"

"भांडं मोठं झालं म्हणून तू जास्त शितं चेपतेस का?"

"नाही."

"नीट ढवळलेलं असलं की झालं. एकेक शीत चारशे माणसांच्या वतीनं बोलतं. पण मी एकच आकडा सांगत नाही, पट्टा सांगते. तेव्हा पट्टा निघाला पाचाच्या जरा खालपासून पावणेआठापर्यंत. त्याला भरवशाचा पट्टा म्हणतात. असं शंभर वेळा ढवळून शंभर पट्टे काढले, तर त्यातल्या पंच्याण्णवांत खरा आकडा सापडतो."

"आणि आपला पट्टा त्या पंच्याण्णवांतला, की उरलेल्या पाचांतला?"

"ते कळत नाही."

"मग भरवशाच्या म्हशीला टोणगा म्हणतात तो हाच."

शाल्मली हसली नाही. नियमाप्रमाणे पट्ट्याचं खालचं टोक पाचाला टेकायला हवं होतं. ते टेकलं नाही. केंद्र डोंगरापलीकडे गेलं आणि कासारखोरं तेच पाणी पीत राहिलं.

"यंदाचा पट्टा बारा ते सोळा आहे," ती म्हणाली. "सगळेच काही या सात वर्षांत आजारी पडले नाहीत. तेव्हाही पुष्कळ असणार. लोकांनी लपवलं, सोयरिकी मोडतात म्हणून. आता घरोघरी झाल्यावर लपवायचं कुणापासून? माझं गणित फक्त ढवळण्यातली चूक धरतं, आई. शितानंच खोटं सांगायचं ठरवलं, तर ते पट्ट्यात येत नाही."

मागल्या दारातून चंद्राची लेक लंगडत आली, आजीच्या ताटलीतला गुळाचा खडा उचलून गेली. डाव्या पायाची भाजलेली कातडी घोट्यापासून गुडघ्यापर्यंत चकाकत होती. तीन वर्षांपूर्वी चंद्रानं तिला न्हाऊ घालताना पाण्यात हात घालून पाहिला होता. हाताला पाणी कोमट लागलं होतं.

आईनं पातेल्यावरचं झाकण काढलं. डावानं भात तळापासून ढवळला, एक शीत उचललं, अंगठ्यात आणि बोटात धरलं आणि तसंच धरून बसली. मग ते शाल्मलीपुढे केलं.

"तू चेप. या घरात आता हे तुलाच कळतं."

शाल्मलीनं चेपलं. मधे बारीक कणी लागली. "एक वाफ हवी अजून."

"केंद्र थोडक्यात हुकलं, म्हणाली होतीस सात वर्षांमागं." आई चुलीकडे बघत होती. "किती थोडक्यात?"

कचेरी पट्टा जाहीर करी, आतली मोजदाद नाही. शाल्मलीनं ती सात वर्षं छातीशी धरली होती. कितीदा तरी तिनं त्या कागदावर पुन्हा हिशेब करून पाहिला होता, दर वेळी उत्तर तेच.

"शहात्तर जण हो म्हणाले होते. सत्त्याहत्तर लागत होते."

"म्हणजे एक."

"एक. पण त्याला अर्थ नाही, आई. दुसरी सोडत निघाली असती तर दुसरीच माणसं आली असती. पन्नासजण खोटं बोलले असतील. त्यातल्या एकाला कसं धरायचं?"

"पन्नासांतल्या कुणाही एकीनं खरं सांगितलं असतं, तर भागलं असतं?"

शाल्मलीला खोटं सांगता आलं असतं. "हो," ती म्हणाली.

"मग पन्नासजणीही एकेकट्याच की गं. वाटून घ्यायचं म्हटलं तरी कमी होत नाही ते."

भात वाफेवर होता. आईनं आपले दोन्ही हात मांडीवर उलटे ठेवले आणि बोटांची टोकं न्याहाळत बसली, कुणा दुसऱ्याची असावीत तशी. ती कधीपासून अशी आहेत, हे शाल्मलीनं कधी विचारलं नव्हतं. तिच्या मनात तारखा आपोआप जुळू लागल्या. पाहणी वैशाखात झाली होती. चंद्राचं लग्न त्याच वैशाखाच्या अखेरीस.

"शालू, त्या वर्षी तुमच्या कचेरीची एक बाई आली होती, पाटी घेऊन..."

"आई, थांब." शाल्मली उठून उभी राहिली. "मला नको सांगूस. कायद्यानं मला ते ऐकता येत नाही."

"तुला नाहीच सांगत मी. तू बस नाहीतर बाहेर जा." आईनं मागल्या दाराकडे मान वळवली. "चंद्रे, इकडं ये जरा."

चंद्रा उंबऱ्यात आली. लेकीचं ओलं पोलकं तिच्या मुठीत होतं; ते अजून ठिबकतंय हे तिला कळलं नव्हतं.

"काय गं? भात झाला का?"

"तुझ्या लग्नाला एकोणीस दिवस होते," आई म्हणाली. "तिनं मला विचारलं, घरात कुणाची बोटं बधिर आहेत का. माझी होती. मी नाही म्हणाले."