अकरा मिलिग्रॅम

कोऱ्या कागदाच्या डाव्या कडेवर, वरून साधारण चार सेंटिमीटरवर, प्रिंटरच्या रोलरची फिकट दाबखूण होती. कागद उजेडात तिरपा धरला तरच ती दिसत होती. म्हणजे कागद आत गेला होता, पुढे सरकला होता, बाहेर आला होता. फक्त त्यावर काही उमटलं नव्हतं.

उमटायला हवा होता माझा बायोडाटा.

नात्यातल्या नात्यात बायोडाटा कशाला, असं आई म्हणत होती. दुधनीची आत्या म्हणजे अप्पांची सख्खी बहीण. तिचा अभिमन्यू आमच्या डोळ्यांसमोर वाढलेला. भावाच्या मुलीवर बहिणीचा पहिला हक्क, त्यातही थोरलीवर, हे आमच्यात ठरलेलं. थोरली मी. धाकटी ऋतुजा. आत्याला स्वतःला कुणी न विचारताच बोहल्यावर उभं केलं होतं, म्हणून तिचा एकच हट्ट होता, "पोरगी सोताच्या तोंडानं व्हय म्हणंल, तवाच सुपारी फोडायची."

तीन वर्षं ती विचारत होती आणि तीन वर्षं मी 'बघू' म्हणत होते.

मी नाही म्हटलं असतं, तर ऋतुजा मोकळी झाली असती. तेच मला नको होतं. अभिमन्यूने एकदा मला शेतातल्या बोअरच्या पाण्याची बाटली पाठवली होती, तपासायला. त्याच आठवड्यात ऋतुजाला त्याने नुकत्याच जन्मलेल्या कोकराचा व्हिडिओ पाठवला. ती आंघोळीला गेल्यावर तो व्हिडिओ मी तिच्या फोनवर सात वेळा पाहिला. कोकरू उभं राहायला बघत होतं आणि कॅमेऱ्यामागे अभिमन्यू हसत होता. माझ्याशी बोलताना तो कधी तसा हसला नव्हता.

या खेपेला आत्या फोनवर म्हणाली, "अभीच्या चुलत्यास्नी कागूद बगायचाय म्हणं. दोगींचंबी द्या."

दोघींचेही. तो शब्द मला खुपला.

दोन्ही बायोडाटा मीच टाइप केले, एकाच साच्यात. ऋतुजाचा पहिल्याच वेळी छापून आला. माझा कोरा.

मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं आहे आणि माती-पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहायची, ही माझी रोजची सवय. शाई भरलेली होती. चाचणीच्या पानावर चारही रंगांच्या रेषा अखंड आल्या. फाइल पीडीएफ करून पाहिली, फोनवरून पाठवून पाहिली. कागद कोरेच. स्क्रीनवर मात्र अक्षर न् अक्षर दिसत होतं.

मग माझ्याच फाइलमध्ये मी फक्त नाव बदललं. सुकन्या काढून ऋतुजा लिहिलं. सगळं पान छापून आलं. पुन्हा सुकन्या लिहिलं. कोरं.

हे मी सहा वेळा केलं.

सात रस्त्याच्या दुकानातून प्रिंटर दुरुस्त करणारा सोमेश आला. प्रिंटर उघडून त्याने तासभर पुसपास केली, केबल बदलली, माझी फाइल छापली आणि कोरा कागद उलटसुलट करून पाहिला.

"मॅडम, मशीनला कायबी झालं न्हाय. त्येला तुमचं लगीनच मंजूर न्हाय की काय!"

स्वयंपाकघरातून ऋतुजा खळखळून हसली.

दुसऱ्या दिवशी मी प्रयोगशाळेत कोऱ्या कागदांची वजनं केली, कोपऱ्यात पेन्सिलीने आकडे घातले आणि हवाबंद पिशवीतून ते घरी आणले. छापून झाल्यावर पुन्हा नेऊन तोलले. अशा एका पानाला अकरा मिलिग्रॅम शाई लागते, हे तेवढ्याच मजकुराचं एक साधं पान छापून, तोलून मला कळलं होतं. माझ्या कागदाचं वजन जराही वाढलं नव्हतं. ऋतुजाच्या कागदाचं बावीस मिलिग्रॅमने वाढलं होतं.

शाई कुठे जात होती, ते कळलं. कशी, ते कळलं नाही.

तेव्हा कुठे मी तिचा कागद नीट वाचला. शिक्षणापुढे मी बी.ए. टाइप केलं होतं. फाइलमध्ये अजूनही तेच होतं. कागदावर होतं, एम.एस्सी., रसायनशास्त्र.

आई शेंगाची चटणी कुटत होती. मी कागद तिच्यापुढे धरला.

"आई, ऋतुजाचं शिक्षण चुकीचं छापलंय."

तिने डोळे बारीक करून वाचलं. "काय चुकलंय? एम.एस्सी.च की ती."

"आणि मी?"

बत्ता थांबला. आई माझ्याकडे बघत राहिली. चष्मा कुठे ठेवला ते आठवताना बघते, तशी.

"तू..." ती म्हणाली. आणि पुन्हा कुटायला लागली.

दुसऱ्या प्रतीवर ऋतुजाच्या नावापुढे माझी नोकरी आली. तिसरीवर माझी जन्मतारीख.

"तू फाइलला हात लावलास का?" मी तिला विचारलं.

"मी कशाला लावू गं अक्का?" ती केस विंचरत होती. "कागदाचं सोड. तू एकदा नाही तरी म्हण, नाहीतर हो तरी म्हण की. अभीपण कंटाळलाय. किती दिवस आम्ही दोघं असं..."

तिने कंगवा खाली ठेवला. पण 'आम्ही दोघं' बोलून झालं होतं.

त्याच क्षणी माझं ठरलं. हो म्हणायचं. मला तो हवा होता म्हणून नाही. तिला तो मिळू नये म्हणून. वाक्यसुद्धा मी तयार केलं आणि मनात घोळवत राहिले.

रविवारी सकाळी आत्या येणार होती. तिला द्यायला मी दोन्ही कागद शेवटचे छापले. माझा कोरा आला. ऋतुजाच्या कागदावर तळाशी भावंडांची ओळ होती. तिथे मी 'एक बहीण' लिहिलं होतं.

कागदावर होतं, 'नाहीत.'

आत्या दहाला आली. पिशवीतून तिने खण-नारळ काढला, सुपारी पाटावर ठेवली.

आईने चहा आणला. आत्याला दिला, अप्पांना दिला, ऋतुजाला दिला. चौथा कप स्वतः घेतला. ट्रे रिकामा झाला.

"आई, मला?"

आईने ट्रे भिंतीला टेकवून ठेवला.

आत्या पुढे सरकली. "बोल बाई थोरले. लई वाट बगायला लावलीस. आज तुज्या तोंडानं ऐकल्याबिगार मी उठत न्हाय."

ती ऋतुजाकडे बघत होती.

"आत्या, मी इथे आहे," मी म्हणाले.

अप्पांनी बशीत चहा ओतला.

मी तेच पुन्हा मोठ्याने म्हणाले. उठून उभी राहिले. पाटाच्या अगदी जवळ गेले.

फक्त ऋतुजाने मान वळवली. तिच्या ओठांचा रंग उडाला होता. ती मला काहीतरी सांगू बघत होती, पण तिच्या तोंडून आवाज निघेना.

मग तिचा चेहरा हळूहळू शांत झाला. ती आत्याकडे वळली, ओढणी सारखी केली, आणि मी आठवडाभर मनात घोळवलेलं वाक्य माझ्याच संथ आवाजात, एकही शब्द इकडचा तिकडे न करता म्हणाली,

"आत्या, मी लग्नाला तयार आहे. उशीर मी केला, आता तुम्ही करू नका."