उलटं बसलेलं कडं

तासगाव स्टँडवर, एसटीच्या दारातच कंडक्टरनं दोघांना अडवलं. क्रांतीची लाकडी पेटी टपावर टाका, आणि मागच्याचा पखवाजही. क्रांतीनं शांतपणे सांगितलं, पेटी मांडीवरच राहील. मागून कुणीतरी तितक्याच शांतपणे म्हणालं, "पखवाज बी."

सीट एकच उरली होती, दोघांची. बस हलली तसा तो पेटीकडं बघत म्हणाला, "सप्त्याला निघालाय व्हय? कोणत्या बुवांना साथ?"

"ही वाजवायची पेटी नाही. ऐकायची आहे."

मग तिनं सांगितलं. पाइपाभोवती एक कडं आवळायचं आणि त्यातून लोखंडात लहर सोडायची. ती पाइपाच्या अंगानंच पुढं पळते. गंजानं जिथं पत्रा खाल्लाय, तिथून थोडी माघारी फिरते. परतायला किती वेळ लागला त्यावरून जागा कळते. मैलभर खणत बसायला नको.

"म्हंजी थाप मारायची आन् घुमारा ऐकायचा," तो म्हणाला.

क्रांतीनं मान वळवून त्याच्याकडं नीट पाहिलं. पुण्यातल्या साहेबांना हेच सांगायला चार पानं लागायची... कपाळावर बुक्का, बाहीला ग्रीसचा डाग. शिवतेज नाव. माळेवाडीच्या ज्या पाणी संस्थेनं तिला बोलावलं होतं, तिचा पंप हाच चालवायचा.

साताऱ्याच्या क्रांतीचं हे एकटीनं पार पाडायचं पहिलंच काम. संस्थेचे चेअरमन आप्पासो यांनी पोचल्या पोचल्या ऐकवलं, "बाई, पाइप वीस वर्साचा. द्राक्षाची छाटणी झालीया, सोमवारी पानी सुटलंच पायजे. तुमी दावाल तितं खणू, पर एकदाच. चुकलं तर तुमच्या सायबाला फोन करतो, मानूस धाडा म्हणून." तो फोन गेला की पुन्हा पुण्याच्या कचेरीतली खुर्ची, हे क्रांतीला पक्कं ठाऊक होतं.

देवळाजवळ खड्डा काढून पाइप उघडा केला. शिवतेज खाली उतरून कडं आवळत होता आणि तोंड चालूच होतं. मॅडम, तुमच्या यंत्राला मानसाच्या मनातलं कळतं का? क्रांती म्हणाली, गंज असेल तर कळतं. तो हसला, ती हसली... आणि तिनं बटण दाबलं. पडद्यावर ठळक टोक उठलं. अठरा मीटर, मळ्याच्या बाजूला.

दुपारभर चार गडी खणत होते. पाइप निघाला तो कालच बसवल्यासारखा स्वच्छ. आप्पासोंनी नुसता पटका झटकला. काठावरचं कुणीतरी म्हणालं, आता पाइपाचं बारसं करा.

क्रांतीचे कान तापले. पण ती जागची हलली नाही. आलेख पुन्हा पाहिला. टोक खरं होतं. जागा खोटी कशी? ती स्वतः खड्ड्यात उतरली. कड्यावर एक बाण असतो. तो ज्या दिशेला, ती यंत्राच्या लेखी पुढची बाजू. बाण मळ्याकडं हवा होता. तो नदीकडं होता.

म्हणजे गंज तितक्याच अंतरावर, पण उलट्या बाजूला. तिनं टेप धरला. अठरा मीटर भरले ते बरोबर देवळापुढच्या सप्त्याच्या मांडवात, कीर्तनकार उभे राहतात तिथं.

संध्याकाळी कीर्तनाआधी सगळे मांडवात जमले, तेव्हा शिवतेजच पुढं आला. "आप्पा, कडं म्या फिरवलं. वायर पोचत नव्हती. मॅडमची चूक न्हाई."

सुटायला वाट मिळाली होती. क्रांतीनं ती घेतली नाही.

"यांनी फिरवलं असेल. बाण बघून बटण दाबायचं काम माझं होतं, आणि मी बघितला नाही. चूक माझी. आता कडं सुलट लावून पुन्हा मोजलंय. आप्पासो, साहेबांना फोन करायचाच तर करा. पण आधी इथं खणा. सोमवारी पाण्याचा दाब चढला, तर ही जागा फुटेल."

"सप्त्याचा मांडव खणायचा?" आप्पासोंचा आवाज चढला.

तेव्हा कीर्तनकार बुवांनी टाळ खाली ठेवले. "आप्पासो, मी दहा पावलं सरकून उभा राहतो. चूक चारचौघांत कबूल करणाऱ्याचं ऐकावं, हेच मी तीस वर्षं सांगत आलोय. आज तुम्ही ऐकलं नाही, तर मी उद्या काय तोंडानं उभा राहू?"

त्या दिवशीचं कीर्तन पारावर झालं. साथीला शिवतेज होता, आणि त्याचा एकही ठेका चुकला नाही म्हणतात. एवढंच, की नजर मधूनमधून बायकांच्या रांगेकडं जायची.

सकाळी खणलं. ताटाएवढा गंजाचा खड्डा निघाला. क्रांतीनं जाडी मोजली. आठ मिलिमीटरच्या पत्र्यात जेमतेम दीड उरला होता. आप्पासोंनी वाकून त्यावरून बोट फिरवलं. मग पटका काढून हातात घेतला आणि म्हणाले, "बाई, फुडल्या साली फुडचा टप्पा बी तुमीच तपासायचा." वेल्डर बसला, नवा तुकडा जोडला.

सोमवारी शिवतेजनं पंप चालू केला आणि धावत पाइपापाशी आला. क्रांती जोडावर तळहात ठेवून उभी होती.

"फुडल्या सालापत्तुर..." तो अडखळला. "लय लांब हाय. मला तुमच्याशी लगीन करायचंय. न्हाई म्हणालात तर तसं सांगा, राग न्हाई."

"माझी चूक पुन्हा स्वतःवर घ्याल?"

"घेईन."

"मी घेऊ देणार नाही."

"मग आपलं भांडान रोजचंच."

"रोजचंच," क्रांती म्हणाली. "रविवारी साताऱ्याला या. आई घरी असते."

त्यानं तिच्या हातापासून वीतभर अंतरावर आपला हात ठेवला. आतून पाणी आलं, पाइप थरथरला... आणि दोघांनाही ते एकदमच कळलं.