आत्याच्या खुर्चीत

"खोली भाड्यानं देतेय मी," टोस्टला लोणी फासत आत्या म्हणाली, आणि खारूच्या हातातला चहाचा कप ओठांपाशीच थांबला.

"कुठली खोली?"

"तुझी. तू गेलीस की रिकामीच ना? एक शिवण शिकवणाऱ्या बाई विचारत होत्या. शांत आहेत. ओला टॉवेल पलंगावर टाकत नाहीत."

"मी कुठेही जात नाहीये. काल सांगितलं ना, इथल्याच कॉलेजात अकाउंट्स घेणार."

"घे की. पण राहणार कुठे?"

थट्टा होती... निदान सुरुवात तरी थट्टेनं झाली होती. आत्याच्या अंगात लबाडी इतकी मुरलेली, की खरं बोलायचं झालं तरी ती आधी एक खोटं बोलून घसा साफ करायची. बारक्या भाचीनं पेन्सिली कुरतडल्या म्हणून तिचं नाव खारू तिनंच पाडलं, आणि शाळेतल्या बाईंनी विचारलं तर 'तिच्या आजोबांनी ठेवलंय' म्हणून मोकळी झाली. पण आज मामला वेगळा होता. खारूला कृत्रिम हात-पाय बनवायला शिकायचं होतं, आणि ते शिकवणारं चांगलं कॉलेज देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. आणि जिनं एवढीशी असताना मोडक्या बाहुलीला चमच्याचा पाय बसवून चालवली होती, ती पोरगी आता म्हणे जमाखर्च शिकणार. का, ते आत्याला पक्कं ठाऊक होतं. आत्या एकटी पडेल म्हणून. त्या मायेनं तिचा जीव कासावीस व्हायचा, आणि त्या मायेचाच संतापही यायचा... हिच्या वाटेत आडवी पडणारी मी कोण? गोडीगुलाबीनं जात नसेल तर चिडून जाईल, पण जाईल, असा तिचा डाव.

"तुला मी नकोय का घरात?" खारूनं विचारलं. आवाज अगदी बारीक.

इथे थांबायला हवं होतं. पण डाव रंगात आला की आत्याच्या जिभेला हाड राहायचं नाही.

"नको कशाला... पण तू गेलीस की मी मोकळी. उगाच खोटं कशाला बोलू?"

खारू उठली, आत गेली. दार आपटलं नाही, हळूच लावून घेतलं. आपटलं असतं तर आत्याला बरं वाटलं असतं.

त्यानंतर घरात 'हो' आणि 'नाही' एवढे दोनच शब्द उरले. आत्या खारूच्या खोलीत जाऊन उगाच खिडकी उघडायची, परत लावायची, पडदा सरळ करायची, वाकडा करायची... जीव कुठे लागेना.

कामावरही तेच. आत्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायची. तिच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखाली वेगळा ब्रेक होता, आणि त्या आठवड्यात तो बिचारा ब्रेक नुसता भरडून निघाला.

"बाई, रस्ता मोकळा आहे," शिकायला आलेले टकले आजोबा म्हणाले.

"दिसतंय मला."

"मग ब्रेक का मारताय सारखा?"

"तुम्ही समोर बघा हो. माझ्या पायांकडे नको."

आजोबा लाजून समोर बघायला लागले. आत्यानं मान खिडकीकडे वळवली. हिनं खरंच चिडून घर सोडलं, आणि मग कधी आलीच नाही तर... पुढचा विचार करायच्या आधीच पायानं पुन्हा ब्रेक दाबला.

मग शाळेतून बोलावणं आलं. बारावीनंतर कोणी काय करायचं, हे ठरवायला मदत करणाऱ्या मॅडम होत्या तिथे, आणि त्यांची एक खोड होती. निर्णयाआधी त्या खुर्च्या बदलायला लावायच्या. पालक मुलाच्या खुर्चीत, मूल पालकाच्या खुर्चीत, आणि एकमेकांच्या तोंडानं उत्तरं द्यायची.

"नाटक होय?" आत्या खूश झाली. "मग जमेल."

खारू आत्याच्या खुर्चीत बसली. पाय फाकवले, उजवा पाय जमिनीवर दाबत राहिली. मॅडमना हसू आलं. आत्याला आलं नाही.

"आत्या, खारूनं लांब जावं असं वाटतं तुम्हाला?" मॅडमनी खारूला विचारलं.

"वाटतं म्हणजे? वाट बघतेय कधीची. खोली भाड्यानं देणारे. ती गेली की मी मोकळी." खारू थांबली. "दुसऱ्याचं मूल किती सांभाळायचं माणसानं..."

"असं मी कधी म्हणाले गं?"

"तुम्ही आत्ता खारू आहात," मॅडम म्हणाल्या. "खारू का जात नाही, ते सांगा."

आत्यानं नेहमीसारखं एक खोटं शोधलं. पण त्या खुर्चीतून तिला ते सापडेना.

"मी गेले तर ही उभ्या-उभ्या खाईल. ताटसुद्धा घेणार नाही. घरात आवाज असावा म्हणून टीव्ही लावून झोपेल. आणि फोनवर सांगेल, मजेत आहे... फार छान खोटं बोलते ती. ती शिवणाची बाई पण खोटीच. अशी बाईच नाहीये."

खारूनं झटकन मान वर केली. मॅडमनी तिलाच पुढचा प्रश्न विचारला.

"आत्या, शाळेत असताना तुम्हाला काय व्हायचं होतं?"

"मला शाळेनंच हाकललं..." आत्याचा नेहमीचा विनोद खारूनं सुरू केला आणि तिथेच अडकली. चेहरा पडला. "मला नाही माहीत, मॅडम. मी कधी विचारलंच नाही... आत्या, तुला काय व्हायचं होतं?"



"जहाजावर जायचं होतं," आत्या म्हणाली. "जहाज चालवायला शिकवतात तिथे निवड झाली होती माझी. बॅग भरलेली. तेवढ्यात दादा आणि वहिनी दोघंही एकाच आजारात गेले... आणि तुला दात येत होते. माझं बोट चावत बसायचीस. सोडवलं की रडायचीस."

"म्हणून जहाज सोडलंस?"

"जहाज काय, गाडी काय. स्टिअरिंग दोन्हीला असतं." हे बोलताना तिचा आवाज मात्र फाटला.

"मला सांगितलं का नाहीस कधी?"

"उपकार मानत बसली असतीस. आत्ता बसलीयेस तशी... आयुष्य देऊन फेडायला निघालीस."

खारूचे डोळे भरून वाहायला लागले. "आणि मी म्हणाले, दुसऱ्याचं मूल..."

"तू कुठे? ते आत्या म्हणाली. जरा मूर्खच आहे ती."

खारू रडता-रडता हसली आणि उठून तिच्याकडे यायला निघाली. आत्यानं हात आडवा केला.

"बस तिथेच. आधी आत्याचं उत्तर होऊ दे. खरं उत्तर."

मॅडम चष्मा पुसत होत्या. 

खारू पुन्हा आत्याच्या खुर्चीत बसली. नाक पुसलं. समोर बसलेल्या आत्याकडे पाहत, जपून, एकेक शब्द उचलत म्हणाली, "जा तू. मला फार जड जाईल. मी रडेन, फोनवर तुला कळेल, तर कळू दे. मजेत आहे असं नाही सांगणार. पण तू जा."

आत्यानं खारूसारखंच नाक पुसलं. 

"जाते, आत्या," खारूच्या खुर्चीतून ती म्हणाली.