थंडी खालून येते

लेहजवळच्या बर्फमार्गाच्या नियंत्रणकक्षात डॉ. इरावती फणसळकर निवांत चहा पीत होती. पडद्यावर तिसऱ्या स्पर्धकाची घसरगाडी वळणावर भेलकांडली आणि भिंतीवर आदळली. पोराचा खांदा निखळला.

"थांबवू या का?" मार्गाचा अभियंता नोर्बूने विचारलं. तो पुण्यात शिकलेला. "बर्फ एकाएकी इतका निसरडा कसा झाला?"

"बर्फाच्या सर्वांत वरच्या रेणूंना वर शेजारी नसतो. ते सुटे राहतात, म्हणून आपण घसरतो. आज जरा जास्त सुटे असतील. ज्याला पेलत नाही त्याने उतरू नये."

मुख्य बर्फतज्ज्ञाचा शब्द मानून नोर्बूने पुढच्या स्पर्धकाला सोडलं. खरं कारण तिच्या पिशवीतल्या बाटलीत होतं. ते सैलद्रव्य रेणूंची बांधणी आणखी ढिली करी. मग वळताना गाडीला पकडच मिळत नसे. तिचा धाकटा भाऊ शार्दूल सर्वांत आधी उतरला होता. त्याच्याच गाडीच्या तळाच्या पट्ट्यांना तिने ते फासलं होतं, म्हणजे ते मार्गभर बर्फाला लागलं. असर व्हायला मिनिटभर लागे. तोवर शार्दूल सुखरूप तळाला पोचला. त्याला या कशाची गंधवार्ता नव्हती. बाकीच्यांची हाडं मोडली तर मोडोत, असा तिचा साधा हिशेब होता.

दुसऱ्या फेरीत नियमानुसार पहिला आलेला, म्हणजे शार्दूल, शेवटी उतरणार होता. त्याचीही सोय तिने केली होती. "पाणी मारून नवा थर द्या," ती म्हणाली. प्रयोगशाळेच्या शीतपेटीत नव्या बर्फाने सैलद्रव्य पोटात गाडून टाकलेलं तिने स्वतः पाहिलं होतं.

फेरी सुरू झाली. पहिलाच गडी उलटला. दुसरा पाय घासत, जीव मुठीत धरून कसाबसा उतरला.

"पाण्यात काहीतरी होतं," नोर्बू पुटपुटला. "गोठताना बर्फ परक्याला बाहेर ढकलतो."

"मधोमध ढकलतो. फ्रीजमधल्या बर्फाच्या खड्यात पांढरा ठिपका असतो ना, तसा."

"फ्रीजमध्ये थंडी चहूबाजूंनी येते, मॅडम. इथे गारव्याच्या नळ्या काँक्रीटखाली आहेत. थर तळातून गोठत जातो. परकं असेल ते सगळं वर येतं."

इरावतीने कप बाजूला ठेवून पडद्याकडे पाहिलं.

मार्गाच्या वरच्या टोकाला शार्दूल उभा होता. तालमीतल्या मातीला करतात तसा त्याने बर्फाला हात लावून कपाळाला लावला. मग कॅमेऱ्याकडे पाहून हसला. "ताई, पदक घेऊनच येतो."

"ही उतरण थांबवता येईल?" इरावतीने विचारलं.

"तुम्ही कारण सांगा, मी लगेच थांबवतो," नोर्बू म्हणाला. "पंचांना कारण लागतं."

कारण सांगायचं म्हणजे बाटली दाखवायची. शार्दूल कसलेला आहे, तो सावरेल, असं तिने मनाला समजावलं. आपण काय करतोय हे तिला पुरतं कळत होतं, आणि तरी तिने बाटली पिशवीतच ठेवली.

"बर्फ उत्तम आहे," ती म्हणाली.

नोर्बूने हिरवा दिवा लावला. पहिली दोन वळणं शार्दूलने सहज घेतली. तिसऱ्या वळणावर गाडी वळलीच नाही.