घरात चालणारा डाव

"माझा संघ हरेल असा डाव मला बसवायचाय," हिंदुराव सासने म्हणाले. "पण मुद्दाम हरलो असं दिसता कामा नये."

डॉ. रेहाना मुल्लाणींनी पडद्यावरची नजर काढून त्यांच्याकडे पाहिलं. 'मैदान' हा फुटबॉल व्यवस्थापनाचा खेळ कोल्हापूरच्या या प्रयोगशाळेतच तयार झाला होता. इथे लोक तक्रारी घेऊन येत, सूचना घेऊन येत. हरायला कुणी येत नसे.

'मैदान'मध्ये खेळणारा स्वतः चेंडूला पाय लावत नाही. संघ निवडायचा, रचना ठरवायची, कुणाला कधी बदलायचं ते सांगायचं, एवढंच त्याचं काम. आभासी खेळाडू आपापले पळतात. हिंदुरावांचा संघ होता 'वर्कशॉप इलेव्हन', कारण ते एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले होते. त्यांच्या पत्नीच्या संघाचं नाव 'गच्ची'. शैलजाबाई स्टेडियमच्या मागच्या गल्लीत वाढल्या. त्यांनी आयुष्यात एकही सामना आत जाऊन पाहिला नाही, पण माहेरच्या गच्चीवर उभं राहून नुसत्या आरडाओरड्यावरून त्या गोल कुणी केला ते सांगत. पुढे आजारपणात पाय गेले, तेव्हा त्यांनी हा खेळ सुरू केला. समोर रोज हिंदुराव बसत.

आठ महिन्यांपूर्वी शैलजाबाई गेल्या. 'गच्ची' अजून खेळत होती.

"ही तुमच्या मिसेसची निर्णयछाप आहे," डॉ. रेहाना म्हणाल्या. "त्यांनी घेतलेला प्रत्येक निर्णय, तो घेताना मैदानावर काय चाललं होतं, समोर कोण होतं, हे सगळं आम्ही साठवतो. त्यावरून छाप ओळखते की अशा वेळी त्यांनी काय केलं असतं."

"म्हणजे ती हाय त्यात?"

"त्या नाहीत, काका. त्यांची निवड आहे. छाप नवीन काही शिकत नाही. बाकीचे लोक दर हंगामात शिकतात, म्हणून तर 'गच्ची' खाली घसरली."

ती तळाला होती. रविवारी हंगामाचा शेवटचा सामना. तळाचा संघ स्पर्धेबाहेर गेला की त्याची छाप पुसली जाते. माणूस गेलेलं असेल तर छापेची नक्कल करून ठेवायला कायद्याने मनाई आहे. 'गच्ची'ला जिंकणं भाग होतं, आणि समोर होता 'वर्कशॉप इलेव्हन'. मुद्दाम कच्चा संघ उतरवला तर खेळाची फितुरी-तपासणी तो सामना रद्द करणार, आणि गुण कुणालाच मिळणार नाहीत. हिंदुरावांना नीट खेळून हरायचं होतं.

"तुमचा नेहमीचा डाव आधी दाखवा," डॉ. रेहाना म्हणाल्या आणि त्यांनी सराव सामना लावला.

तो डाव हिंदुरावांनी फार विचार करून बसवला होता. आधी मागे राहायचं, दम राखायचा. शेवटच्या पंधरा मिनिटांत उजव्या बगलेवर ताज्या दमाचा खेळाडू आणायचा आणि सगळा मारा तिथून करायचा. तालमीतल्या दोस्तांनाही त्यांनी तो शिकवला होता. त्यांच्यापैकी कुणाचाच तो कधी लागला नाही. सर्जेराव चिले तर चारचौघांत म्हणायचा, "हिंद्याचा डाव फक्त घरात चालतोय."

सराव सामन्यात 'गच्ची'नं आधी गोल केला. मग शेवटी तिचा डावा बचावपटू पुढे सरकला, मागे जागा मोकळी झाली, आणि हिंदुरावांच्या खेळाडूनं तिथून दोन गोल केले. सवयीनं हिंदुरावांना बरं वाटलं. मग आठवलं की आज हरायचंय.

दुसऱ्या खेपेला त्यांनी उजवी बगल सोडूनच दिली आणि सगळं बळ मधल्या फळीत लावलं. 'गच्ची' पुन्हा पुढे गेली. शेवटी तिनं मध्ये वाट अडवणारा खेळाडू काढून घेतला. आता वाट मधून मोकळी झाली, आणि ते पुन्हा जिंकले.

डॉ. रेहानांच्या कपाळावर आठी आली. तिसऱ्या सामन्याला त्यांनी हिंदुरावांना परक्या नावानं बसवलं. पूर्वार्धात 'गच्ची'नं त्यांना हलू दिलं नाही. उत्तरार्धात मात्र पुन्हा दार उघडलं.

"ती नावावरून ओळखत नाही," डॉ. रेहाना म्हणाल्या. "तुम्ही खेळाडू कधी बदलता, कुठं वाट बघता, त्यावरून ओळखते."

मग हिंदुरावांचाच डाव घेऊन त्या स्वतः बसल्या. डावा बचावपटू जागचा हलला नाही. त्या सपाटून हरल्या. त्यांनी सगळ्या हंगामांची नोंद काढली आणि बराच वेळ वाचत राहिल्या.

"ही चूक नाही, काका. चूक असती तर सगळ्यांसमोर झाली असती. पुढे असताना त्यांनी बाकी कुणासमोर कधीच जागा सोडलेली नाही."

पुढचं हिंदुरावच बोलले.

"मला जिंकू देत होती."

जिंकल्यावर शैलजाबाई म्हणायच्या, "अगं बाई, परत तिथनंच? तुमी लई हुशार." आणि चहा मागायच्या. हिंदुराव उठून चहा टाकायचे, कामगारांचे जुने किस्से सांगायचे. हरले की गप्प बसायचे. त्या दिवसांत घरात गप्प बसायला दुसरी कारणं भरपूर होती.

"म्हणजे मी समोर असलो की ती जाणार," ते म्हणाले.

"हो. रविवारी बदली व्यवस्थापक देता येईल, नियमात बसतं. पण त्यानं जिंकायलाच खेळलं पाहिजे. आणि रविवारपुरतं नाही. ती टिकायची असेल, तर तुम्ही कधीच समोर बसायचं नाही."

हिंदुरावांनी खुर्ची पडद्याजवळ ओढली. मग म्हणाले, "एक सराव सामना अजून लावता?"

त्यांनी जुनाच डाव लावला. शेवटी डावा बचावपटू पुढे सरकला. गोल झाला. हिंदुराव उठले आणि डॉ. रेहानांना विचारलं, "इथं चहा कुठं करता?"

बदली व्यवस्थापक म्हणून त्यांनी सर्जेरावाचं नाव दिलं. त्याला बाकी काही सांगितलं नाही. वहिनींचा संघ आहे, जरा बघून खेळ, असंही नाही. हिंदुरावांचा डोळा दुखतोय एवढं त्याला पुरलं. तो खूश झाला. "तुझाच डाव लावतो," म्हणाला. "एकदा बाहेर चालतोय का बघूया तरी."

रविवारी दुपारी तालमीच्या हॉलमध्ये मोठा पडदा लावला होता. सर्जेराव पुढे बसला. हिंदुराव मागे, भिंतीकडच्या खुर्चीवर. 'गच्ची'चा सामना ते पहिल्यांदाच बाजूला बसून बघत होते. समोर बसल्यावर आपल्याच खेळाडूंकडे लक्ष असायचं. आता तिचं काम दिसत होतं. कुठं रेटायचं, कुठं थांबायचं, दमलेल्याला दमण्याआधी कसं काढायचं. पूर्वार्ध संपता संपता तिनं गोल केला. हॉलमधले दोघेतिघे हळहळले.

शेवटची पंधरा मिनिटं आली. सर्जेरावानं उजव्या बगलेवर ताजा खेळाडू आणला आणि सगळा मारा तिकडं वळवला. तो मनापासून खेळत होता. एक चेंडू खांबाला लागून परत आला. हिंदुरावांनी खुर्चीची कड धरली.

डावा बचावपटू जागेवर होता. थोड्या वेळानं 'गच्ची'नं आपला एक आघाडीपटू काढला आणि त्या बचावपटूच्या शेजारी आणखी एक उभा केला. तिथून पुढं काहीच आत गेलं नाही. सामना संपला. 'गच्ची' स्पर्धेत राहिली.

सर्जेराव मागे वळला. "हिंद्या, डाव बेकार हाय तुझा. किती वर्षं सांगतोय मी, घराबाहेर चालत न्हाई."

"व्हय," हिंदुराव म्हणाले. "घरातच चालायचा."