शनिवारी सहा वाजेपर्यंत

ही घटना खरी आहे. कुणाला पटो न पटो.

आणि ती रात्रीची नाही, भर दुपारची आहे. २००४ सालचा ऑगस्ट महिना. टेक्ससमधलं शुगर लँड. बाहेर असं ऊन की डांबराकडे बघवत नव्हतं.

ज्याच्या बाबतीत घडली तो देवांग, माझ्या धाकट्या बहिणीचा, सरलाचा मुलगा. पूर्ण गोष्ट त्याने फक्त मला सांगितली. अर्धी तर माझ्यासमोरच घडली.

देवांगचा जन्म तिथलाच. इंजिनिअरिंग अर्धवट सोडून तो रेडिओत शिरला. तेही कंट्री म्युझिकच्या. गिटार, घोडे, मोडलेली लग्नं. त्याचे वडील श्रीराम तेल कंपनीत इंजिनिअर. ते चारचौघांत म्हणायचे, "आमचे चिरंजीव गुराख्यांना गाणी ऐकवतात."

स्टेशन तासाभराच्या ड्राइव्हवर, एका लहान गावाबाहेर होतं. देवांगने आधी वायरी गुंडाळल्या, मग पहाटेचा कार्यक्रम केला. त्याला तयार केलं हॉलिस नावाच्या म्हाताऱ्या निवेदकाने. हॉलिस सांगायचा, "ऐकणारा गाडीत एकटा असतो, पोरा. त्याच्याशी खोटं बोलू नकोस."

हॉलिस माइकसमोरच गेला. एक गाणं संपलं आणि पुढे कुणी बोललंच नाही...

त्याची शनिवारची दुपार देवांगला मिळाली. आणि पोराने ती गाजवली! सरलाचं ऐकून ऐकून त्याच्या तोंडात 'आईशपथ' बसलं होतं. रेडिओवरही तेच. गाणं झकास आहे, आईशपथ. ऊन मरणाचं आहे, आईशपथ. त्याने श्रोत्यांना अर्थही समजावला होता. मग ट्रकवाले फोन करून आपल्या जाड जिभेने तो शब्द म्हणायचे आणि खो खो हसायचे.

त्या ऑगस्टमध्ये श्रीरामांची साठीची शांत ठरली. शनिवारीच.

देवांगने सुट्टी मागितली. मॅनेजरबाई म्हणाली, "सुट्टी कशाला? शुक्रवारी बोलून ठेव. कॉम्प्युटर वाजवेल. सगळेच करतात."

खरंच सगळे करत होते. फक्त बोलायचं असं, की माणूस आत्ता तिथे बसलाय असं वाटावं.

देवांग बोलला. आणि सवयीने बोलून गेला, "दर शनिवारी मी तुमच्यासाठी इथे असतो. सहा वाजेपर्यंत या खुर्चीतून हलत नाही. आईशपथ."

शनिवारी शांत छान झाली. श्रीरामांना ओवाळलं. पंगत उठत आली, तेव्हा श्रीराम स्वतःहून म्हणाले, "लावा रे तो रेडिओ. ऐकू दे याची गुराखीगिरी."

देवांगचा चेहरा असा फुलला! बापाने पहिल्यांदा विचारलं होतं.

स्वयंपाकघरातला रेडिओ लागला. गाणं संपलं. देवांगचा आवाज आला.

"अरे, तू इथे आणि तिथेही?" श्रीराम हसले.

"बाबा, इट्स रेकॉर्डेड. चीटिंग आहे थोडं."

रेडिओतला देवांग म्हणाला, "...या खुर्चीतून हलत नाही. आईशपथ."

मग शांतता.

देवांगने भुवया आक्रसल्या. इथे तर गाणं सुरू व्हायला हवं होतं.

मग आवाज आला... काचेवर बोटाने टकटक केल्यासारखा.

आणि देवांगचाच आवाज. मराठीत.

"खुर्ची रिकामी आहे... कोण बसणार?"

त्या एका शब्दापलीकडे देवांग रेडिओवर कधी मराठी बोललाच नव्हता.

"आईशपथ," रेडिओ म्हणाला.

सरलाच्या हातातलं श्रीखंडाचं पातेलं खाली पडलं.

तिने छाती धरली. तोंड उघडं, पण श्वास आत जाईना. मग गेला. तेवढ्यात रेडिओ पुन्हा म्हणाला, "आईशपथ..." आणि श्वास पुन्हा अडला.

मी धावून रेडिओ बंद केला. आवाज थांबला.

सरलाचा श्वास मात्र तसाच अडत राहिला. ठरावीक अंतराने. जणू तिला अजून ऐकू येत होतं.

पाहुण्यांत राजेश नावाचे डॉक्टर होते. नाडी ठीक, बाकी काही कळत नाही, म्हणाले. अँब्युलन्स आली. श्रीराम तिच्यासोबत चढले, आणि देवांग आपल्या गाडीकडे पळाला. गाडी उलट्या दिशेला वळली.

"आई इकडे चाललीय! तू कुठे निघालास?" श्रीराम ओरडले.

देवांगने गाडी स्टेशनच्या रस्त्याला दामटली, त्या रिकाम्या खुर्चीकडे.

स्टेशनवर चिटपाखरू नव्हतं. कॉम्प्युटरचा पडदा काळा. काहीच वाजत नव्हतं.

तरीही स्टुडिओतला लाल दिवा लागलेला होता...

देवांग आत गेला. खुर्ची गरम होती. तो बसला. मागे दार आपोआप लागलं. माइक ओढून तो कसाबसा म्हणाला, "मी आलोय. इथेच आहे."

मोबाइल वाजला. श्रीराम रडत होते. "श्वास आला रे! आत्ता, एकदम!"

"बाबा, मी निघतो तिकडे," म्हणत देवांग उठला.

"थांब... अरे, हिला परत काय झालं? सरला! सरला!"

तो मटकन परत खुर्चीत बसला.

"...आला. आला श्वास," श्रीराम म्हणाले.

देवांगने समोरच्या काचेत पाहिलं. काचेत माइक दिसत होता. खुर्ची दिसत होती.

खुर्चीत कुणीच दिसत नव्हतं.

सहा वाजेपर्यंत तो हलला नाही. एकामागून एक गाणी लावत राहिला, बोलत राहिला. सहाला दाराची कडी आपोआप सुटली.

दवाखान्यात काहीच निघालं नाही. दमणूक, म्हणाले.

पुढे एका शनिवारी देवांग तापाने फणफणला होता, म्हणून गेला नाही. सरला दुकानात भाजी घेता घेता कोसळली. त्यानंतर त्याने एकही शनिवार चुकवला नाही. नॅशव्हिलमधून मोठं काम चालून आलं, ते सोडलं. उत्तरा नावाच्या गोड मुलीशी लग्न ठरत होतं, तेही फिसकटलं.

२००८ मध्ये स्टेशन विकलं गेलं. नव्या मालकांनी यंत्रं उचलून नेली. आम्हा दोघांना वाटलं, सुटला.

पुढच्याच शनिवारी सरलाला दवाखान्यात न्यावं लागलं.

देवांगने ती रिकामी इमारत भाड्याने घेतली. आता दर शनिवारी तिथे जाऊन बसतो. वायर कुठेच जोडलेली नसलेल्या माइकसमोर बोलतो. सहा वाजेपर्यंत.

सरलाला यातलं काही ठाऊक नाही. तब्येत ठणठणीत आहे तिची. फोनवर माझ्याकडे कुरकुरते, "ताई, एक शनिवार काढत नाही गं हा आईसाठी! एवढं काय ते काम?"

मी म्हणते, "असेल गं काहीतरी."

मागे मी शुगर लँडला गेले होते, तेव्हा देवांगने मला विमानतळावर सोडलं. गाडीत रेडिओ बंद होता. समोर बघत तो म्हणाला, "मावशी, परवा तिथे बसलो होतो आणि मनात आलं, यातून मी सुटणार कधी?"

त्याने गाडी विमानतळाच्या दारापाशी थांबवली.

"आणि लगेच कळलं, मावशी... मी काय मागतोय ते."

तेव्हापासून शनिवारी फोन वाजला की मी आधी घड्याळ बघते. मगच उचलते.